चौसष्ट डिग्रीचं वरण

अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या अंगाला, मैनाबाईला वरण वाढताना पाहिलं नाही असा माणूस भेटला तर खुशाल समजावं की तो कालच भाड्यानं राहायला आला आहे. डाव्या हातात बादली, उजव्या हातात वगराळं, आणि चाल अशी की बादलीतल्या वरणाला आपण जागचे हललो हे कळूच नये. जेवणाऱ्यानं भाताला अंगठ्यानं खळगा करायचा अवकाश, वरण त्या खळग्यात. काठावर थेंब नाही.

एका साली भर पंगतीत वावटळ शिरली आणि पत्रावळी उडाल्या. मैनाबाईचं वगराळं तेव्हा हवेत तिरपं झालेलं. तिनं हात मागे घेतला नाही. उडत्या पत्रावळीवर वरण पडलं, त्या वजनानं पत्रावळ खाली आली आणि ज्याची होती त्याच्याच पुढ्यात बसली. हे ज्याला खोटं वाटेल त्यानं त्या जेवणाऱ्यालाच विचारावं. तो आता धारणीच्याही पुढे एका गावात असतो आणि तिकडचा रस्ता असा आहे की विचारायला अजून कोणी गेलं नाही.

मैनाबाईचं रोजचं काम म्हणजे भाजी. नवरा शालिकराम नदीकाठच्या तुकड्यात वांगी, भेंडी, सांबार म्हणजे कोथिंबीर लावायचा आणि ही गाडीवर मांडून विकायची. वरण फक्त वर्षातून एक दिवस. चैत्री पौर्णिमेला वस्तीतल्या मारोतीचे रोडगे असत. घरोघरचे माळी आपापल्या वावरातली वांगी आणून एकाच कढईत टाकत, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणकेचे रोडगे भाजले जात, आणि सहाशे माणूस एका मांडवाखाली जेवून उठे. त्या सहाशेंचं वरण एकेचाळीस वर्षं मैनाबाईकडे होतं.

बेचाळिसाव्या वर्षी ते तिच्या हातून जायची वेळ आली. त्याचं असं झालं.

गेल्या चैत्रात संस्थानच्या अध्यक्षांनी, म्हणजे खुशालरावांनी, अमरावतीच्या एका मोठ्या साहेबांना पाहुणे म्हणून बोलावलं. खुशालराव म्हणजे शहराबाहेर साठ एकर काळ्या जमिनीचे धनी. त्यांच्या पांढऱ्या कपड्यांना इतकं स्टार्च असे की खुर्चीवर आधी कपडे बसत आणि मग ते. स्वयंपाक साडेअकराला झाला. साहेब आले की पानं वाढायला एक क्षण लागू नये म्हणून खुशालरावांनी वरणाच्या बादल्या आधीच भरून मांडवात ओळीनं मांडून ठेवायला लावल्या. साहेब आले साडेचारला. हार झाले, भाषण झालं, मग मैनाबाईनं त्यातलीच बादली उचलून वाढायला सुरुवात केली. अंधार पडायच्या आत बत्तीस माणसं दवाखान्यात होती.

सगळी धड घरी आली, पण वस्तीत एक वाक्य मागे राहिलं. मैनाबाईच्या हातचं वरण बाधलं.

भात दुसऱ्यानं वाढला होता, भाजी तिसऱ्यानं. त्यांचं नाव कोणी घेतलं नाही. लोकांच्या लक्षात हात राहिला तो मैनाबाईचा, कारण एकेचाळीस वर्षं तोच लक्षात ठेवण्यासारखा होता. शेजारची माणिकबाई चार दिवस सलाईनवर होती. ती परत आली आणि मैनाबाईच्या गाडीसमोरून दोन गल्ल्या पलीकडे वांगी घ्यायला जाऊ लागली. तिच्यामागून आणखी दहा जणी गेल्या. मैनाबाई गाडीवर बसून पाहत राहायची. एकदा तिनं हाक मारलीच.

"काहून वं माणिक, माये वांगे काटेरी झाले का?"

"नाही वं," माणिकबाई न थांबता म्हणाली. "तिकडचे जरा बरे दिसते."

त्या दिवशी मैनाबाईनं घरी येऊन दोन्ही हात धुतले, पुसले आणि बराच वेळ त्यांच्याकडे पाहिलं. मग शालिकरामला म्हणाली, "हे हात काई करत नाही. वरन कशानं बिघडलं थे मले पायजे."

"आता कोन सांगन तुले?"

"कोनी तं असंल."

ते 'कोणीतरी' माघात सापडलं. मारोतीच्या ओट्यावर संस्थानची सभा भरली आणि खुशालरावांनी चष्मा लावून एक कागद वाचला. गेल्या सालच्या प्रकारामुळे यंदा परवानगीसोबत अट आली होती. पंगतीत अन्नाला हात लावणारे जेवढे, त्यांच्यात दर पंचवीस माणसांमागं एक जण अन्न सुरक्षेचं शिक्षण घेतलेला, परीक्षा पास झालेला हवा. त्या दिवशीच्या कागदावर सही त्याची. सही नाही तर पंगत नाही.

"आपले वाढपी चोवीस," खुशालराव म्हणाले. "म्हंजे एक सर्टिफिकेट पुरे. आमचा नितेश जाते अमरावतीले. पुतण्या माया बी. कॉम. आहे."

"मी बी जातो," मागून आवाज आला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. मैनाबाई खांबाला टेकून उभी होती.

"वैनी, थे काई रोडगे भाजनं नाही," खुशालराव हसून म्हणाले. "तिथं परीक्षा असते."

"पोटाची का डोक्याची?"

"डोक्याची."

"मंग पोट घरी ठेवतो न् येतो."

सभा हसली. खुशालरावही हसले, कारण हसण्यावारी गेलेली गोष्ट पुढे जात नाही असा त्यांचा अनुभव होता. मैनाबाई मात्र हसली नाही. तिनं घरी जाऊन सुनेच्या, रूपालीच्या, हातात मोबाइल दिला.

रूपाली अर्ज भरायला बसली. "आत्याबाई, धंदा काय लिहू?"

"भाजी."

"अनुभव विचारते. अन्न वाढायचा."

"एकेचाळीस वर्सं."

"वर्षाचे किती दिवस?"

"एक."

रूपालीनं मान वर केली. "म्हंजे एकेचाळीस दिवस झाले, आत्याबाई."

"हाव, पन दिवसाले सहाशे मानूस. लिहाले जागा आहे का तिथं?"

जागा नव्हती. रूपालीनं एकेचाळीस लिहिलं आणि दिवस की वर्षं ते सरकारवर सोडलं.

शिक्षणाच्या रविवारी मैनाबाई आणि नितेश एकाच गाडीनं निघाले. बडनेऱ्याला उतरल्यावर नितेश म्हणाला, "मोठ्याई, तुमी व्हा पुढं. मी चहा घेऊन आलोच." मैनाबाई ऑटोत बसून अमरावतीला पोचली. नितेशचा तो चहा काही लोकांच्या मते अजून संपलेला नाही. त्या रविवारी बडनेऱ्याला क्रिकेटचे सामने होते ही गोष्ट वेगळी.

हॉलमध्ये हॉटेलवाले, पाणीपुरीवाले, डबे देणाऱ्या बाया, आणि एक कॅटरर, ज्याच्या बोटात आठ अंगठ्या होत्या. शिकवायला प्रतीक्षा मॅडम म्हणून एक तरुण बाई होत्या, बोलणं पुण्याकडचं. त्यांनी सगळ्यांत आधी प्रत्येकाचे हात पाहिले. कॅटररच्या अंगठ्या निघता निघेनात. साबण लावून सहा निघाल्या, दोन अजून त्याच्या बोटातच आहेत. मग त्या मैनाबाईजवळ आल्या.

"मावशी, अन्न हाताळताना बांगड्या काढाव्या लागतील. काचेच्या तर नकोच. फुटली तर काच जेवणात जाते."

मैनाबाईनं मनगटावरचा हिरवा चुडा पाहिला. "काच जेवनात जाऊ नये हे पटलं मले. पन नवरा हायात आहे तवरिक बांगड्या उतरत नाही."

"नियम आहे मावशी."

"नियम बांगडीचा आहे का काचेचा?"

"काचेचा," त्या म्हणाल्या. "आणि बांगडीखाली मळ राहतो, त्याचा."

मैनाबाईनं पिशवीतून शालिकरामचा फुल बाह्यांचा शर्ट काढला. वऱ्हाडातल्या बाया वावरात कापूस वेचायला जाताना लुगड्यावर नवऱ्याचा शर्ट घालतात. त्याशिवाय बोंडांचे काटे हात सोडत नाहीत. तिनं बांगड्या कोपराकडे सरकवल्या, त्यांच्यावर फडकं गुंडाळलं, शर्ट चढवला आणि मनगटावरची गुंडी गळ्याच्या टायसारखी आवळली. मग कोपरापुढचा हात साबणानं घासून मॅडमसमोर धरला.

मॅडमनी हात उलटसुलट करून पाहिला. शर्टाची बाही ओढून पाहिली. बांगडी ना दिसली ना वाजली. "चालेल," त्या म्हणाल्या, आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं.

दुपारी त्यांनी भिंतीवर एक तक्ता लावला. वर लाल, खाली निळा, मधे मोठा पिवळा पट्टा. पाच डिग्रीच्या खाली जंतू गप्प बसतात, साठच्या वर ते टिकत नाहीत, आणि मधल्या पट्ट्यात त्यांची पोरंबाळं वाढतात. हा धोक्याचा पट्टा.

"आमच्याइकडं मे महिन्यात सत्तेचाळीस असते," मैनाबाई म्हणाली. "म्हंजे अख्खं अकोलाच पट्ट्यात आलं."

हॉल हसला. मॅडम हसल्या नाहीत. "बरोबर आहे तुमचं. म्हणूनच तुमच्याकडे जास्त सांभाळायला हवं. अन्न कोमट राहिलं तर वीस मिनिटांत एका जंतूचे दोन होतात. वीस मिनिटांनी चार."

मैनाबाईनं अंगठा उचलला आणि करंगळीच्या पहिल्या पेरावर ठेवला. बादल्या भरल्या पावणेबाराला. भरून मांडून ठेवल्या, म्हणजे साडेबारापर्यंत कोमट. साडेबारा ते साडेचार चार तास. तासाला तीन पेरं. एका बोटाचा एक तास. तिचा अंगठा चालू लागला. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. तराजूच्या काट्यावर जन्म गेलेल्या बाईला दामदुपटीला कागद लागत नाही. चार बोटं संपली तेव्हा बारावं पेर होतं आणि आकडा होता चार हजार शहाण्णव.

"एका जंतूचे?" तिनं मोठ्यानं विचारलं.

"काय मावशी?"

"चार तासात एकाचे चार हजार होते का?"

"होतात. आणि सुरुवातीला एकच असतो असं थोडंच आहे."

मैनाबाईनं मूठ मिटली. दहा महिने जी गोष्ट ती हातात शोधत होती ती हातातच होती, पण बोटांच्या पेरांवर, घड्याळाची. वरण तिच्या वाढण्यानं बिघडलं नव्हतं. ते वाट पाहून बिघडलं होतं.

"मॅडम, एक विचारू? पाहुना यायचा असला न् त्याले उशीर झाला, तं काय कराचं?"

"कोण पाहुणा?"

"मोठा. हार घालाचा."

प्रतीक्षा मॅडमनी तक्त्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "जंतूंना ते कळत नाही, मावशी."

"त्याच्यासाठी अलग तक्ता नाही?"

"नाही. सगळ्यांना हाच."

परीक्षेत तीसपैकी सत्तावीस आले. तीन चुकले ते फ्रीजचे. घरी फ्रीज नसताना त्याचं दार कितीदा उघडायचं हे सांगणार कसं. कॅटररचे एकोणीस आले आणि त्यानं मैनाबाईला वाकून नमस्कार केला. निघताना प्रतीक्षा मॅडमनी तिला आपली जुनी मोजायची सळई दिली. लोखंडी काडी अन्नात खुपसायची, वर काचेत आकडे उमटतात. परतीच्या गाडीत मैनाबाईनं ती चहात घालून पाहिली, पाण्याच्या बाटलीत घालून पाहिली आणि डुलक्या घेणाऱ्या एका माणसाच्या काखेतही घालणार होती, पण मूर्तिजापूर आलं आणि तो उतरून गेला.

खुशालरावांना कळलं तेव्हा त्यांनी नितेशला काय म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही. पण परवानगीच्या कागदाला सर्टिफिकेट हवं होतं आणि वस्तीत ते एकच होतं. त्यांनी ते जोडलं. हनुमान जयंतीचा फ्लेक्स लागला. वर साहेबांचा फोटो बैलगाडीएवढा, त्याखाली खुशालराव, आणि पार खाली, जिथे छापणाऱ्याचा फोन नंबर असतो त्याच्या शेजारी, 'अन्न सुरक्षा: मैनाबाई' अशा मुंगीच्या अक्षरात एक ओळ.

"तुमी फक्त सही करा वैनी," खुशालराव म्हणाले. "वरनाले यंदा दुसरं कोनी पाहू. लोकायच्या मनात उगंच राहू नये काई."

"सही मी शेवटी करतो," मैनाबाई म्हणाली. "आधी वरन पाहू द्या."

पौर्णिमेच्या दिवशी असं ऊन पडलं की फ्लेक्सवरच्या साहेबांच्या फोटोला घाम आला, असं तीन माणसं शपथेवर सांगतात. मैनाबाई पहाटे जन्माच्या आरतीपासून देवळात होती. अंगात शालिकरामचा शर्ट, डोक्याला फडकं, खिशात सळई. तिनं चोवीस वाढप्यांची नखं पाहिली. एकाच्या बोटाला चीर होती, त्याला पत्रावळी मांडायला लावलं. कुंदन आचारी वीस वर्षं नावाजलेला माणूस, पण त्यालाही तिनं कढईजवळ तंबाखू मळताना पकडलं आणि हात धुवायला पिटाळलं. निखाऱ्यातून काढलेल्या रोडग्यात सळई घातली तर आकडा अठ्ठ्याण्णववर गेला आणि काच धुरकटली. "याले जंतू काय, विंचू बी शिवत नाही," ती म्हणाली आणि रोडग्यांचा विषय संपवला.

साडेअकराला वरण तयार झालं. मैनाबाईनं पिंपात सळई घातली आणि पिंपाच्या अंगावरच खडूनं लिहिलं: ब्याण्णव. बादल्या भरायला आलेल्यांना तिनं परतवून लावलं.

"भरून ठेवतो ना मोठ्याई, सायेब आले का पटकन् होते," नितेश म्हणाला.

"बादल्या उपड्या राहू दे. पान मांडल्यावर भराच्या."

मारोतीला नैवेद्य झाला. सहाशे माणूस मांडवात बसलं. बारा वाजले. खुशालरावांनी फोन लावला आणि हात वर करून सांगितलं, "सायेब बडनेरा सोडून राहिले."

पाऊण वाजता साहेब मूर्तिजापुरात होते. एक वाजता मैनाबाईनं पिंप परत चुलीवर चढवून खदखदा उकळी आणली. सव्वाला उतरवून खडूनं लिहिलं: नव्वद. दीडला साहेब अजून मूर्तिजापुरातच होते, तिथं कोणाच्या तरी घरी चहा होता. पिंपावर आकडे उतरत चालले. शहाऐंशी. एकोणऐंशी. दोन वाजता साहेब बोरगावला आले आणि वरण एकाहत्तरवर. पोरं रडू लागली. म्हातारे पत्रावळीवरच डुलत होते.

मैनाबाई खुशालरावांसमोर जाऊन उभी राहिली. "भाऊ, पान वाढतो."

"बस दहा मिनिटं."

"थे दहा मिनिटं बारापासून सुरू आहे."

"मंग परत चढवा ना चुलीवर."

"एकदा चढवलं. दुसऱ्यांदा नाही चढवत, तसं शिकवलं मले. न् बुडाले लागलं तं सहाशे मानसाले करपट खाऊ घालाल का?" तिनं सळई दाखवली. "हे साठाच्या खाली गेलं का मी सही करत नाही. मंग वरन नालीत जाते, पंगतीत नाही. अजून अर्धा तास आहे. वाढा नाही तं सांडा."

खुशालरावांनी आवाज खाली आणला. "वैनी, पाहुन्याच्या आधी पह्यलं पान पडत नाही. आपली रीत आहे. चारचौघात माही मान जाईन."

"रीत मले नका सांगू. पह्यलं पान मारोतीचं. थे पावनेबाराले पडलं." तिनं गाभाऱ्याकडे हात केला, तिथं नैवेद्याची पत्रावळ अजून होती. "त्याच्याहून मोठा पाहुना कोन आहे तुमचा, सांगा, मी थांबतो."

खुशालरावांनी गाभाऱ्याकडे पाहिलं. शेंदरानं माखलेला मारोती त्यांच्याकडेच पाहत होता. त्यांनी बाहीची घडी सरळ केली. ना हो, ना नाही. मैनाबाईला तेवढं पुरलं.

"भात सुटू द्या," तिनं हाक दिली. "भाजी सुटू द्या. बादली माही इकडं आना."

"मोठ्याई, वरन तुमीच?" नितेशनं विचारलं.

"दुसरं कोन पाहलं होतं तुमी?"

कोणी पाहिलंच नव्हतं. सर्टिफिकेटाखाली उभं राहून वरणाला हात लावायची हिंमत कोणाची झाली नव्हती.

तिनं बादली भरली आणि पहिल्या ओळीच्या टोकाला आली. टोकाला माणिकबाई बसलेली. मैनाबाईनं वगराळं उचललं आणि माणिकबाईनं दोन्ही हात आडवे करून भातावर धरले.

पंगतीत नको म्हणायला हात आडवा धरतात, त्यात काही वाईट नाही. पण भात कोरडा आहे, वरण अजून पडलं नाही आणि तरी हात आडवा, हे सहाशे लोकांनी पाहिलं. माणिकबाईनं हात काढला नाही तर मागची पाचशे नव्याण्णवही काढणार नाहीत, हे मैनाबाईला दिसत होतं. तिनं मागची ओळ पाहिली. तिथंही दोघी-चौघींचे हात पत्रावळीकडे सरकले होते.

मैनाबाई रागावली नाही आणि विनवलंही नाही. तिनं बादली खाली ठेवली, ओली सळई फडक्यानं पुसली, वरणात घातली आणि काच माणिकबाईच्या डोळ्यांसमोर धरली.

"वाच."

"मले काय समजते त्यातलं?"

"आकडे येते ना तुले? वाच."

माणिकबाईनं डोळे बारीक केले. "सहा. चार. चौसष्ट."

"साठाच्या वर असलं का बाधत नाही. साठाच्या खाली गेलं का एका जंतूचे चार तासात चार हजार होते. मी पास झाली त्याच्यात."

माणिकबाई काचेकडे पाहत राहिली. "न् गेल्या साली किती होतं?"

"गेल्या साली कोनी मोजलं नाही," मैनाबाई म्हणाली. "बादल्या भरून ठेवल्या न् सायबाची वाट पाह्यली. मी बी पाह्यली. माही चूक तेवढी आहे, तेवढी बोल. हाताची नाही."

खुशालराव दहा पावलांवर उभे होते. त्यांनी हे ऐकलं आणि मान मांडवाच्या छताकडे वळवली, जणू तिथं काही बांधायचं राहून गेलं होतं.

माणिकबाईनं आधी डावा हात काढला, मग उजवा. अंगठ्यानं भातात खळगा केला. "टाक लवकर," ती म्हणाली. "त्रेसष्ट होईन."

वगराळं तिरपं झालं. काठावर थेंब नाही.

पुढे जे झालं ते अकोल्यात पुन्हा होणे नाही. पावणेतीनला सहाशे माणूस जेवून उठलं. बादल्या भरणाऱ्यांना मैनाबाईशी मेळ राखता येईना, दोघांनी चपला सोडल्या, एकानं मधेच मांडी घालून हात जोडले. वाढणारे चोवीस होते पण वस्तीतले लोक सांगतात की मैनाबाई तीन ओळींत एकाच वेळी दिसली. बोलणारे काहीही बोलतात. ओळी आठ होत्या हे मात्र खरं.

साहेब आले सव्वातीनला. हार झाले. मांडवात जेवून तृप्त झालेली माणसं सतरंज्यांवर आडवी पडलेली. साहेबांनी भाषण केलं आणि मधे मधे घोरण्याची साथ मिळाली. मग खुशालराव लगबगीनं कढयांकडे आले. पिंपाच्या तळाशी अर्धी बादली वरण उरलं होतं.

"हे गरम करून देऊ सायबाले," ते म्हणाले.

मैनाबाईनं सळई घातली. सत्तेचाळीस. तिनं काच त्यांच्यासमोर धरली, अगदी माणिकबाईसमोर धरली तशी. "दोनदा गरम झालेलं तिसऱ्यांदा करत नाही. तुमच्या सायबाले दवाखान्यात पाठवाचं असंल तं वाढा. पन सही माही नाही."

खुशालरावांनी साहेबांकडे पाहिलं, सळईकडे पाहिलं, मग फ्लेक्सवरच्या मुंगीच्या अक्षरांकडे. नितेश कुठं दिसेना. त्यांनी धोतराचा सोगा खोवला, बादली स्वतः उचलली आणि देवळामागच्या खड्ड्यात नेऊन उपडी केली. परत आले तेव्हा स्टार्चवर वरणाचे तीन पिवळे ठिपके होते. वाढणाऱ्याचा सराव नसला की असं होतं.

साहेबांना मैनाबाईनं निखाऱ्यातून ताजे रोडगे काढून दिले, वर तूप. ते तीन जेवले आणि वरण विचारलंही नाही.

मग तिनं कागदावर सही केली, चौथीतल्या अक्षरात, रेघ सोडून. तेव्हा कुठं तिला भूक लागल्याचं कळलं. वाढपी शेवटी बसतात, आणि वाढप्यांनाही कोणी वाढावं लागतं. ती खांबाला टेकून खाली बसली आणि समोर पत्रावळ ओढली. माणिकबाई रोडग्यांची टोपली आणि तुपाची वाटी घेऊन आली.

"बस, मी वाढतो तुले," ती म्हणाली.

मैनाबाईनं दोन्ही हात पत्रावळीवर आडवे धरले. "हात धुतले का?"

"दोनदा."

"साबनानं?"

"साबनानं वं बाई."

"नखं दाखव."

माणिकबाईनं टोपली खाली ठेवली आणि दोन्ही हात पुढे केले, आधी पालथे, मग उताणे. मैनाबाईनं एकेक बोट पाहिलं. करंगळीजवळ जरा थांबली. मग आपले हात काढून घेतले आणि पत्रावळ पुढे सरकवली.